लसूण सोलायची खोली

इंचॉन

प्रिय आईस,
तुझ्या हेवॉनचा वाकून नमस्कार.

तू पाठवलेला लसूण पोचला. रागावू नकोस, पण तो सगळा ऑफिसात गेला!

आमच्या मदत केंद्रात अडचणीतली मुलं आणि त्यांच्या घरचे येतात ना, त्यांच्यासाठी नवी खोली सजवली होती. मऊ खुर्च्या, फुलं, सगळं. पण तिथे कुणी तोंडच उघडेना. शेवटी नववीतल्या सेबिनलाच विचारलं, "काय चुकतंय गं?"

"ताई, तुम्ही समोर बसून डोळ्यांत बघता. चोरी केल्यासारखं वाटतं. आमची आजी तर लसूण सोलताना सगळं बोलून टाकते."

मग खुर्च्या हलवल्या, जमिनीवर परात मांडली. सेबिनचा आणि तिच्या आईचा कधीचा अबोला. काल दोघी सोलायला बसल्या.

"अगं, सालीबरोबर अर्धी पाकळी घालवलीस!"

"तुझ्याकडूनच शिकले!"

हसल्या, रडल्या, मग बोलतच राहिल्या. आता आमचे साहेबसुद्धा परातीपाशी येऊन बसतात.

तुझा गुडघा कसा आहे? फोनवर तू 'बरा आहे' म्हणतेस, मी 'नीट जेवते' म्हणते. छुसकच्या सणाला येतेय. एक परात लसूण न सोलता ठेव.

हातांना अजून वास येणारी,
तुझी हेवॉन