यादीत न लिहिलेलं जेवण

मंगळवार संध्याकाळ, पुंडलिकनगर

वजनाच्या ऑपरेशनचा संमतीचा कागद अजून पर्समध्येच आहे. डॉक्टर म्हणाले, जठर लहान केल्यावर एका वेळी जेमतेम एक वाटी जेवण जाईल. एक वाटी. ऐकून घाबरायला हवं होतं, पण तसं काही झालं नाही.

दवाखान्यातल्या आहाराच्या बाईंना मी दिवसभराच्या खाण्याची यादी लिहून दिली होती. चार पोळ्या, भाजी, थोडा भात. त्या म्हणाल्या, "एवढ्यानं एवढं वजन होत नाही हो ताई." मला रागच आला. मी खोटं कुठं लिहिलं होतं?

आज जेवणं लवकर उरकली. सासूबाई नेहमीसारखं म्हणाल्या, "एवढासा भात कशाला ठेवती? खाऊन टाक की." मी ओट्यापाशी उभ्यानंच पातेलं पुसून खाल्लं. मग लेकीच्या ताटातली अर्धी पोळी, यांच्या वाटीतलं वरण. हात धुताना लक्षात आलं, हे यादीत नव्हतं. वीस वर्षांत हे मी जेवण म्हणून धरलंच नाही. भांडी रिकामी करणं, ते कामच की.

सही करायची का? अजून कळत नाही. मघाशी सासूबाईंना सगळं समजावून सांगितलं, ती एक वाटीसुद्धा. दुखेल का, कोण सांभाळेल, काही नाही. पातेल्याकडं बघत त्यांनी एवढंच विचारलं,

"मंग उरलंसुरलं कोण खाईल?"