अक्काच्या आवाजाची टेप

सोलापूर, रविवार, मार्च १९७८

मी कॉन्व्हेंट शाळेला निघण्याआधी माझी थोरली बहीण अक्का माझ्या वेण्या घालायची आणि कानडी गाणी गुणगुणायची. ती गेल्यावर आता तिचा आवाज उरलाय तो टेपच्या या एका मोठ्या स्पूलवर. आज पुन्हा तो कॅसेटवर उतरवायला बसले. पुन्हा तिथंच, गाण्यामध्ये ती हसते तिथंच अडलं. मशीनचं हेड पुसलं, कॅसेट बदलली. व्यर्थ. हसण्यापाशी टेपचा तपकिरी थरच सुटतोय. हे म्हणाले, "आता पुरे कर की! वाजवशील तितकी झिजेल."

म्हणजे मीच पुसतेय का तिचं हसणं?

आता लावणार नाही. अर्धवट कॅसेट अक्काच्या थोरल्या लेकीला, सुशीलाला द्यावी; ती रोज ऐकेल. स्पूल धाकट्या नलूला. तिच्याकडे वाजवायचं मशीन नाही, तेच बरं.