गाठीचे चार दिवस

बडोदे, मंगळवार, १२ मार्च १९९६

माझ्यावर झालेला अन्याय इथे नोंदवून ठेवतो: सलग चार दिवस मला प्लास्टिकच्या मगानं आंघोळ करावी लागली. मानेवरची गाठ तपासायला पाठवली तेव्हापासून बायको, सुमन, घरातलं सगळं पितळ चिंच लावून घासत होती. आंघोळीचा तांब्या काही तिच्या हातातून सुटेना. दादा दांडिया बाजारातून आला तो माझे विम्याचे कागद फाईलला लावायलाच. आणि मी? मी विनोद करत होतो. "मी गेल्यावर भेटायला येणाऱ्यांना चहा साखरेचा की बिनसाखरेचा, आत्ताच ठरवून टाकू," असं सुमनला म्हणालो, तर तिनं तोच तांब्या पुन्हा घासायला घेतला.

आज डॉक्टर म्हणाले, "कशुं नथी, भाई. चरबीनी गांठ छे."

हुश्श!

दादानं फाईल मिटली. "चरबी तर तुझ्या जिभेलाही आहे, ती कुठं तपासायची?"

घरी आल्यावर सुमन मात्र तांब्या मांडीवर घेऊन रडली. "तुमची आपली थट्टा. मी एकटीच घाबरले होते."

ज्याचा त्याचा स्वभाव, असं म्हणून सुटता आलं असतं. पण तिला मी एक खरं वाक्य देणं लागत होतो. शेजारी बसून हळूच म्हणालो, "मीही घाबरलो होतो गं."