मुक्ताचा तंबू

रविवार संध्याकाळ, मे १९९८

तळहातावर दोरीचे वळ उठलेत. लिहिताना चुरचुरतंय, तरी बघून हसूच येतंय.

काल फोनवर केवढी रडली मुक्ता! "पप्पा, मला इथं न्हाय करमत. न्यायला या की!" म्हणून आज दुकान बंद ठेवून पन्हाळ्याखालच्या स्काऊट-गाईडच्या शिबिरात गेलो. तिची बॅग स्कूटरला बांधत होतो, तेवढ्यात वारं सुटलं. कसलं वारं! मैदानातले तंबू एकेक करून लोळायला लागले. पोरींचा नुसता आरडाओरडा. वळून बघतो तर मुक्ता शेजारी नाही. आपल्या तंबूकडं पळालेली.

मीही मागं धावलो. तंबूची एक खुंटी उखडली होती. घरी स्वतःची वेणीसुद्धा न घालणारी माझी पोर दोन्ही हातांनी दोरी ओढून उभी. मला बघून ओरडली, "पप्पा, बघताय काय? दोरी धरा!"

धरली. तिनं दगडानं खुंटी ठोकली, दोरीला गाठ मारली. कसली गाठ ती? आत्ता पायजम्याच्या नाडीवर करून बघितली, जमली नाही. दोरी धरा म्हणे! बापाला!

वारं थांबलं तेव्हा मैदानात तेवढा एकच तंबू उभा होता. मी विचारलं, "निघायचं?"

"आता कसं येऊ? समद्या पोरी आज आमच्याच तंबूत झोपणार हायत."

तिची बॅग परत तंबूत ठेवली आणि राजारामपुरीतल्या घरापर्यंत एकटाच गाणी म्हणत आलो. दारातच हिनं विचारलं, "पोरगी कुठाय?"

म्हटलं, "कामात हाय."