चिऊच्या अंगावरची चांदी

१० नोव्हें., पेण
चिऊला तीन महिने झाले. दवाखान्यात वजन ५ किलो. डॉ. म्हणाले, तिच्या वयाच्या शंभर मुली हलक्यापासून जडपर्यंत ओळीत उभ्या केल्या तर ही दहावी. आईला राग. "माझी नात कशाला ओळीत उभी करता?" डॉ. हसले. नंबर खालचा असला तरी चालेल म्हणे, तक्त्यावरची आपली रेघ सोडायची नाही.

९ डिसें., पेण
५.४. रेघेवर! सिस्टर म्हणत होती, वाळे-साखळी काढून मोजू. आई अडून बसली. "नको गो बाये. उष्टावण होईपर्यंत मामाचं लेणं आंगावरनं उतरवत नाय." सिस्टरने नाद सोडला. मीही चिऊला तशीच काट्यावर ठेवली.

१२ जाने., पेण
५.८. परत रेघेवर. आता कडी आणि करगोटाही आलाय, वर थंडीचा स्वेटर, टोपरं. किती गुणी आहे, रडतच नाही. दूध पिता पिता झोपते. शेजारणी म्हणतात, नशीब काढलंस.

२० जाने., अष्टमी
काल सासरी, इथे अष्टमी गावात आले. आज पुलापलीकडे रोह्याला बाईडॉक्टरांकडे. त्यांनी सगळं उतरवायला लावलं. ५.३. मी म्हटलं, तुमचा काटा बिघडलाय. त्यांनी स्वेटर, टोपरं, वाळे, साखळी, कडी, करगोटा, सगळं काट्यावर ठेवलं. जवळजवळ अर्धा किलो.
दहावी कुठली, ओळीतल्या तिसरीहूनही आता हलकी.
डॉक्टर म्हणाल्या, "ती गुणी नाही हो, रडायला ताकद नाही तिच्यात."
हे शिफ्टवरून आले, त्यांना काय सांगू? माझी मुलगी उपाशी होती आणि मी पेढे वाटत होते.

२१ जाने.
अंगावरचं पाजून झालं की वाटी-चमच्याने वरचं दूध. आठवड्यात वजन हललं नाही तर अलिबागला मोठ्या इस्पितळात. आईचा फोन. रडत होती. "माझंच चुकलं गो." तुझं नाही चुकलं, असं मी म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही.

२६ जाने.
उद्या वजन. मनगटातला काळा दोरासुद्धा कापला. त्याचं वजन ते किती! तरी कापला.
संध्याकाळी वाटी रिकामी झाली आणि चिऊ रडली. मोठ्याने, अजून हवं म्हणून. सासूबाई धावत आल्या, "काय झालं गो?" मी वाटी परत भरली.