मुके घर गावाच्या नावे

मी, सुन्निवा, कैलासवासी हाकोन हेलवार यांची मुलगी, वय साठीच्या पुढे, अविवाहित, राहणार स्टेनडाल गावावरच्या कड्यावरील घर, ज्याला गावकरी 'मुके घर' म्हणतात, आज डोके ठिकाणावर असताना, कोणी सांगितले म्हणून नव्हे तर दुसरा इलाज उरला नाही म्हणून, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवीत आहे. डोके ठिकाणावर असण्याचा हा माझा बहुधा शेवटचा दिवस. तेव्हा याचा अंमल माझ्या मरणाची वाट न पाहता, मला माझे नाव सांगता येईनासे होईल त्या घटकेपासून धरावा. मग श्वास चालू असला तरी चालेल. घराच्या वाटपाचे कलम मात्र आत्तापासूनच लागू आहे.

माझे भाचेजावई एस्किल नावाडी यांनी हा कागद उद्या सकाळी गावच्या चौकात मोठ्याने वाचावा. एकही वाक्य गाळू नये. काही वाक्ये त्यांच्या बायकोसाठी आहेत, तीही गाळू नयेत.

कलम पहिले. माझे राहते घर, त्यातील सर्व खोल्या, तळघरातील सफरचंदे व खारवलेले मासे, मागचा गोठा आणि सरपण, हे सर्व मी स्टेनडाल गावातील कुटुंबांना देत आहे. अट एकच. हा कागद वाचला जाईल त्याच दिवशी, दिवस मावळायच्या आत, जे कुटुंब आपली अंथरुणे घेऊन या घराच्या छपराखाली येईल, त्यालाच हिस्सा. कुटुंब म्हणजे सगळे कुटुंब. म्हातारी माणसे, तान्ही मुले, शेळ्या, सगळे. कोणाला खाली ठेवून जो वर येईल त्याला काडीही मिळणार नाही.

लोकहो, हे दानशूरपणाचे सोंग नाही. काल मी तुमच्या चौकात उभी राहून साध्या शब्दांत सांगितले होते, की वरच्या हिमतलावाचे पाणी अडवून धरणारी बर्फाची भिंत यंदा टिकत नाही, आजच्या आज गाव सोडा. तुम्ही हसलात. होल्गर ब्राट, तुमचे गावप्रमुख, हातातली भाकरी खाली न ठेवता म्हणाले, "बाई, तुमच्या घरानं आम्हाला कधी दारात उभं केलं नाही. आणि आज एकदम आमचा पुळका? गाव रिकामं झाल्यावर कुरणं कोणाच्या नावावर चढणार, तेही सांगून टाका."

मला गर्दीत बोलायची सवय नाही. मी परत फिरले. चढणीला सुईण आसलाउग मागून धापा टाकत आली. गावात माझ्याशी बोलणारी ती एकटीच. ती म्हणाली, "भीती दाखवून ही माणसं हलायची नाहीत, सुन्निवाबाई. फुकट काही मिळतंय म्हणा, मग बघा कशी पळत येतात." ती थट्टेने म्हणाली असेल. मी ते खरे धरले आहे. भीतीने आला नाहीत, लोभाने तरी या. पण या.

कलम दुसरे. होल्गर ब्राट यांना माझ्या वडिलांची अभ्यासाची खोली, तिच्यातील हिरव्या फरशीच्या शेगडीसह. घरातली सर्वांत उबदार खोली तीच. हा माणूस मला आवडत नाही. त्याने आमच्या कुरणाचा हद्दीचा दगड दोनदा सरकवला, आणि दोन्ही वेळा मी खिडकीतून पाहिले. तरी खोली त्याला, कारण तो आला की मागून निम्मे गाव येईल. दगड आता जिथे आहे तिथेच राहू द्यावा.

कलम तिसरे. आमचे घर मुके का, हे आता सांगून टाकते. जपून ठेवण्यासारखे त्यात काही उरले नाही. आमच्या घराण्याची विद्या एकच. प्रत्येक वस्तूला एक खरे नाव असते, आणि ते नेमके उच्चारले की ती वस्तू ऐकते. त्या बर्फाच्या भिंतीचे नाव माझ्या पणजोबांनी शोधले. दर वसंतात बर्फ सैल होऊ लागले की आमच्यापैकी एकजण वर जाऊन ते उच्चारतो. भिंत ऐकते, आणि बोलणाऱ्याच्या मनातले काहीतरी घेऊन जाते. आधी किरकोळ शब्द जातात. मला आता पाणी उपसायच्या त्या भांड्याचे नाव आठवत नाही. पुढे माणसे जातात. माझ्या आजोबांना शेजाऱ्यांचे चेहरे ओळखू येईनात, तेव्हा त्यांनी लाजेने दार लावून घेतले. वडिलांनी ते लावलेलेच ठेवले. तुम्ही त्याला शिष्टपणा समजलात, आणि आम्ही तुम्हाला तसे समजू दिले, कारण कीव करून घेण्यापेक्षा ते बरे वाटे.

या वर्षी मी नाव उच्चारले तेव्हा भिंतीने ऐकले, पण थोडेच. तिच्या पोटात पाणी वाजते आहे. आता फक्त एक मार्ग आहे. थांबत थांबत नव्हे, तर एका दमात, मनातले सगळे संपेपर्यंत ते नाव म्हणत राहायचे. त्याने भिंत वाचणार नाही. तुम्ही वर पोचेपर्यंत ती उभी राहील, एवढेच.

कलम चौथे. माझी भाची सिगने हिच्यासाठी. एस्किल, हे हळू वाचा.

सिगने, त्या सकाळी तुझ्या बापाने तुला घराबाहेर काढले, ती एस्किलवरून झालेल्या भांडणाची शिक्षा होती असे तू धरून बसलीस. मी तुझ्या दारी दोनदा येऊन गेले. दोन्ही वेळा तू म्हणालीस, "आत्या, तू ये, बस, जेव. पण त्या घराचं नाव काढायचं नाही." आणि घरातल्या धाकट्यांना ही किंमत सांगायची नाही असा आमच्या घरचा नियम असल्याने तुला मुळातच काही ठाऊक नव्हते. आता चौकात सगळ्यांसमोर ऐकावे लागेल, त्याला माझा नाइलाज आहे.

त्या पहाटे तुझा बाप, माझा ऑडुनदादा, वरून भिंतीपासून परतला होता. तू ओसरीवर त्याची वाट बघत बसली होतीस. त्याने तुझ्याकडे पाहिले आणि मला विचारले, "ही कोण पोरगी? हिला आत कोणी घेतलं?" तो रागावलेला नव्हता, बाळ. तो घाबरला होता. तू त्याच्या मनातून गेली होतीस. पुढे मी रोज त्याला सांगत असे, की तुला एक मुलगी आहे, तिचे केस जवसाच्या रंगाचे आहेत. तो दर वेळी खूश होऊन विचारी, "खरंच? कशी आहे ती?" मरेपर्यंत तो ती बातमी रोज नव्याने ऐकत होता.

ज्या घरात पाय ठेवणार नाही अशी शपथ तू घेतलीस, ते घर आता आमचे नाही. कलम पहिल्यानुसार ते गावाचे आहे. गावाच्या घरात यायला शपथ आड येत नाही. तुझ्या पाया पडते, ये.

कलम पाचवे. ग्रंथालयातील पुस्तके मुलांना. पाने फाटली तरी ओरडू नये. लिंडमार्कच्या विद्यालयातील पंडित कास्पर लिन, ज्यांनी माझ्या वडिलांचा वाऱ्यांच्या नावांवरचा प्रबंध स्वतःच्या नावे वाचला, ते हक्क सांगायला नक्की येतील. त्यांना भुसा भरलेले घुबड द्यावे आणि दार लावावे.

कलम सहावे. भिंतीचे नाव मी कोणालाही देत नाही. ते माझ्याबरोबर संपेल.

(सही) सुन्निवा हेलवार

पुरवणी, दुसऱ्या दिवशी, दुपार टळल्यावर. घाईत लिहीत आहे, अक्षराबद्दल माफी.

लोक आले. होल्गर पहिले, शेगडी पाहायला. ती पाहून झाल्यावर त्यांनी कोपऱ्याकोपऱ्यावर हक्क सांगायला सुरुवात केली. जिन्यावर शेळ्या आहेत. कोणीतरी माझ्या आईच्या पलंगावर कोबी ठेवला आहे. या घरात इतके आवाज मी जन्मात ऐकले नाहीत, आणि आता ऐकत बसायला सवड नाही. भिंत दोनदा कडाडली. ते ऐकताच होल्गर कोणी न सांगता गाड्या ओढायला खाली गेले आहेत. एस्किलची आई अंथरुणाला खिळलेली आहे. तिला फळीवर बांधून आणत आहेत, पण ती मंडळी अजून पुलाच्या पलीकडे आहेत.

सिगने आली. उंबऱ्यावर उभी राहून तिने एवढेच विचारले, "आत्या, बाबांचं ते खरं?"

मी म्हटले, खरे. ती उंबरा ओलांडून आत आली. मग म्हणाली, "तू दमलीयस. मी जाते वर. लहानपणी कानावर पडलंय ते नाव, मला येतं."

मला वाटले होते नाव माझ्यापाशीच आहे. तिला दोन मुले आहेत. मोठा आतमध्ये माझी पुस्तके ओढत होता.

मी म्हणाले, "तू गेलीस तर रात्री हा तुला आई म्हणेल आणि तू विचारशील, हा कोणाचा? ते मी एकदा पाहिलंय. पुन्हा बघणार नाही."

म्हणून कलम सहाव्यात बदल: सिगने ऑडुन हेलवार हिने ते नाव कधीही, कोणत्याही कारणाने, उच्चारू नये. ही माझी इच्छा नाही, आज्ञा आहे. आणि आज्ञा मोडावीशी वाटली तर ही विनंती समजावी. आसलाउग तिचा दंड घट्ट धरून उभी आहे. मी निघते. मला भीती वाटते आहे. ते कोणाला सांगायचे राहिले होते, म्हणून इथे लिहिले.

(सही) सुन्निवा

साक्षीदारांचे निवेदन. अक्षर सिगनेचे, बोलणे दोघांचे.

आम्ही खाली सह्या करणारे शपथेवर सांगतो, की मृत्युपत्र व पुरवणी लिहिताना सुन्निवा हेलवार पूर्ण शुद्धीवर होत्या, आमच्यातल्या कोणाहीपेक्षा जास्त.

त्या वर गेल्या. फळीवरची म्हातारी कड्यावर पोचली, तिच्या मागून होल्गर पोचले, आणि मग भिंत गेली. स्टेनडाल आता नाही. पूल, चौक, पाणचक्की, काहीच नाही. माणसे सगळी आहेत. पाणी ओसरल्यावर एस्किल आणि होल्गर यांनी बाईंना वरच्या खडकावरून उचलून आणले. त्या जिवंत आहेत. नाव विचारले, सांगता आले नाही. तेव्हा हा कागद त्या घटकेपासून अंमलात आला असे आम्ही धरतो.

त्यांनी स्वतःसाठी एकही खोली राखली नव्हती. त्यावर वाद झाला नाही. त्या आता सैपाकघराशेजारी, जिथे सगळ्यांची ये-जा असते तिथे राहतात. रोज सकाळी न्याहारीआधी घरातला प्रत्येकजण त्यांच्यापुढे जाऊन आपले नाव सांगतो. त्या ते नीट ऐकतात आणि मागून म्हणतात. संध्याकाळपर्यंत त्यांतले एकही उरत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा रांग लागते. अजून कोणी चुकवलेली नाही.

साक्षीदार:
१. आसलाउग, सुईण (सही)
२. होल्गर ब्राट (अंगठा)

ठिकाण: कड्यावरचे घर
दिनांक: गवतकापणीच्या महिन्यातली पौर्णिमा, पुराच्या वर्षी