नंबरावरचा हार

२६ सप्टेंबर

पास झाले! पंधरातले चौदा. बावन्नाव्या वर्षी कच्च्या लायसनची परीक्षा दिली आणि पास. हे म्हणाले, "आता विमान चालव." म्हणू देत. तीस वर्षं यांच्या मागं एका अंगावर बसून पाठ आखडली माझी.

एक चुकला तो इंडिकेटरचा. अपघाताचा बरोबर आला — अपघात झाल्यास चालकाने काय करावे? जखमीला दवाखान्यात न्यावे, पोलिसांना कळवावे. आता हे काय विचारायचं झालं? कुणीही सांगेल.

शिकवलं सगळं सिद्धोधननं. मागच्या गल्लीतला. एसटीत ड्रायव्हर म्हणून निवड झालीय, ऑर्डरची वाट बघायलाय. त्याच्याच पांढऱ्या गाडीवर हात बसला माझा. एकदा हौदावर नेऊन घातली, डाव्या बाजूला हा लांब ओरखडा. "राहू द्या काकू, गाडी हाय, ओरखडा येणारच." गुणाचं पोरगं. आला की आधी तांब्याभर पाणी, मग चहा. गावात कुणी काही पाळो, आमच्या घरात तसलं काही नाही.

आज त्यानं दंड पाठ करून घेतले. कच्चं लायसन असताना एकटीनं चालवली तर लायसन नसल्यासारखंच धरतात — पाच हजार. आमची गाडी यांच्या नावावर, म्हणजे यांना वेगळा दंड. हेल्मेट नसलं तर दंड तर दंड, वरून लायसन तीन महिने बंद. नंबर झाकला तर दंड. आणि ठोकर मारून पळालं तर तुरुंगसुद्धा. शेवटी म्हणाला, "दंड जाऊ द्या काकू. मागं पक्क्या लायसनवाला बसल्याबिगर चावीला हात लावायचा न्हाई." मी म्हणाले, मग तूच बस मागं. "बसतो की."

२ ऑक्टोबर, दसरा

आज लिहीत नाही.

३ ऑक्टोबर

लिहिते. माणसाला सांगता येत नाही, कागदाला तरी सांगावं.

काल सकाळी नव्या गाडीची पूजा केली. हळदीकुंकू, नारळ, चाकाखाली लिंबू. झेंडूचे हार मीच ओवले, चांगले भरगच्च — एक पुढं बांधला, एक मागं. दोन्ही नंबर झाकले गेले. मनात आलं सुद्धा, सिद्धोधन म्हणाला होता. पण दसऱ्याच्या दिवशी गाडीचा हार कोण काढतंय? अख्ख्या तालुक्यातल्या गाड्या तशाच फिरतात.

दुपारी हे पुरणपोळी खाऊन आडवे झाले. सिद्धोधन परभणीला धम्मचक्र दिनाच्या कार्यक्रमाला गेलेला. मला बोरीला मैत्रिणीला सोनं द्यायला जायचं होतं. कितीसं लांब आहे? केसात गजरा, म्हणून हेल्मेट घातलं नाही. तोंडाला रुमाल गुंडाळला आणि निघाले. जाताना लय मजा आली, खोटं कशाला बोलू.

येताना कालव्याच्या पुलापाशी समोरून ट्रॅक्टर आला. मी डावीकडं घेतली. डावीकडं सायकल होती. हँडल लागलं. ब्रेक दाबायचा सोडून घाबरून रेस पिळली मी. आरशात दिसलं — माणूस खाली, सायकलचं चाक फिरतंय. मला वाटलं, उठायलाय तो. नाही, तसं वाटून घेतलं. थांबले नाही.

आमच्या गाडीला खरचटलंसुद्धा नाही. हारातलं एक फूल तेवढं पडलं.

संध्याकाळी कळलं, बन्सीधरभाऊ होते. रिटायर पोस्टमन. त्यांची बायको रुख्मिणी माझ्याबरोबर भजनाला असते. मांडीचं हाड मोडलंय. ट्रॅक्टरवाल्यानं उचलून दवाखान्यात नेलं, त्यानंच पोलिसांना फोन केला. माझ्या परीक्षेतलं उत्तर त्या माणसानं करून दाखवलं.

५ ऑक्टोबर

डबा घेऊन गेले. मऊ भात, वरण, थोडं तूप. रुख्मिणीनं माझा हात धरला. "तुमच्यावानी मानूस न्हाई बघा वहिनी. आन् ज्यानं पाडलं त्याचं वाटोळं होऊ दे." मी वरण वाढत होते. हात जरासुद्धा कापला नाही, त्याचीच मला भीती वाटली.

६ ऑक्टोबर

डबा. आज शिरा पण.

९ ऑक्टोबर

माझ्या तोंडात किडे पडतील.

पोलीस गावात आले होते. ट्रॅक्टरवाल्यानं सांगितलं म्हणे — पांढरी स्कूटी, पुढं-मागं हार, नंबर दिसला नाही, तोंडाला रुमाल, बाई का माणूस ते कळलं नाही. गावात पांढऱ्या गाड्या पाच-सहा तरी असतील. आमची एक. सरपंच व्यंकटरावांच्या सुनेची एक. पण पोलीस आधी गेले सिद्धोधनच्या दारात. कामून ते सगळ्या गावाला ठाऊक आहे, मला पण ठाऊक आहे. त्या रस्त्यानंच तो परभणीहून परत आला होता. आणि गाडीच्या डाव्या बाजूला हा लांब ओरखडा.

त्यानं सांगितलं, पार्वतीकाकूंना शिकवताना पडलाय. म्हणून हवालदार आमच्याकडं आले. ओसरीत उभे राहिले. "बाई, त्याच्या गाडीवरचा ओरखडा तुमच्याकडून पडला का?"

हो म्हणायचं होतं. एवढंच. पण हो म्हणलं की पुढचा प्रश्न येणार — मग तुमी कुठं होता त्या दिवशी? आणि आमची गाडी तिथंच, त्यांच्या मागं उभी, हँडलला वाळलेला हार.

मी म्हणाले, "पडला असेल एखाद्या वेळी. नीट आठवत नाही."

१० ऑक्टोबर

आठवतं. हौदाची पायरी, सांडलेलं पाणी, तो हसलेला. सगळं आठवतं.

१२ ऑक्टोबर

सिद्धोधनवर केस घातली म्हणे. आज यांना सांगितलं. वाटलं होतं चिडतील, चार शब्द बोलतील, मग म्हणतील, चल ठाण्यात. हे बराच वेळ पान जुळवत बसले. मग म्हणाले, "गाडी माझ्या नावावर हाय. तुझं कच्चं लायसन. विमावाले हात वर करतील. गप बस. पोरगं काय, दंड भरून सुटंल."

मला हे ऐकून बरं वाटलं. हो, बरं वाटलं. आता लिहिताना स्वतःची किळस येते.

डबा घेऊन गेले. बन्सीधरभाऊ म्हणाले, वहिनी, तुमच्या हाताला चव हाय. मी तोंड फिरवलं.

१५ ऑक्टोबर

सिद्धोधनची एसटीची ऑर्डर आली. त्याची आई साखर वाटत फिरली, आमच्याकडं पण आली. म्हणाली, "पंधरा दिवसात हजर व्हायचंय. पक्कं लायसन आन् पोलिसांचा दाखला घेऊन. हे झेंगट तेवढं मिटावं वहिनी." माझ्या हातावर साखर ठेवली. तिच्यासमोर खावी लागली.

म्हणजे दंड भरून सुटायची गोष्टच नव्हती ही. त्याचं लायसन म्हणजे त्याची भाकरी. मी पाच हजारांना भ्यायले आणि त्याच्या ताटाला हात घातला.

१६ ऑक्टोबर

ठरलं. उद्या सकाळी ठाण्यात जायचं, सगळं सांगायचं. कच्चं लायसन, एकटी, हेल्मेट नाही, नंबर झाकलेला, पळून आले, खोटं बोलले. होईल ते होईल. हे म्हणाले, "येडी झालीस का?" मी म्हणाले, इतके दिवस होते. तुमी येता का सोबत ते सांगा. हे पान जुळवायला बसले. एकटी जाईन. चालत जाईन.

आधी सिद्धोधनकडं जावं असं मनात होतं. त्याच्या घराला कुलूप. कुठं गेलाय कुणाला माहीत नाही.

१७ ऑक्टोबर

चपला घालून निघालेच होते, तर दारात सिद्धोधन. नेहमीसारखं पाणी मागितलं. तांब्या आणून दिला.

तांब्या हातात धरूनच म्हणाला, "काकू, काल कोर्टात कबूल करून आलो. व्यंकटराव म्हणले, केस लटकली तर ऑर्डर जाईल, गुन्हा कबूल कर, दंड भर, मोकळा हो. दंड भरला. तर आता लायसन बंद व्हायलंय म्हणे. ऑर्डर गेलीच समजा." मग खाली बघून म्हणाला, "माझ्यापायी पोलीस तुमच्या दारात आले, माफ करा. आन् तुमच्या मागं आता मला बसता यायचं न्हाई. दुसरं कुणी बघा."

मी सांगितलं. उभ्या उभ्या सगळं सांगितलं. हारापासून ते "नीट आठवत नाही"पर्यंत.

त्यानं तांब्या ओट्यावर ठेवला आणि गेला.

मी ठाण्यात जाऊन आले. त्यांनी लिहून घेतलं. तांब्या अजून ओट्यावर आहे, भरलेलाच. उचलायचा धीर होत नाही.